आईला सांगायचं नाही हं

आमच्या घरात कुणी गेल्याचा फोन आला की कधी गेले, कसे गेले हे सगळं नंतर, आधी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं, आजीला सांगितलं का? आणि उत्तर पण ठरलेलं, नाही सांगितलं, आणि कुणी सांगायचं पण नाहीये. मग आजी आतल्या खोलीत माळ ओढत बसलेली आणि बाहेर चार माणसं चपला हातात घेऊन, दाराची कडी न वाजवता निघालेली, तेवढ्यात आतून हाक येते, "एवढ्या भर दुपारी कुठं रे निघालात सगळे?" "काही नाही गं आजी, लग्नाला." एकदा तर आम्ही भर पितृपक्षात लग्नाला गेलो होतो.

त्यामुळे 'गुड बाय, लेनिन!' हा जर्मन पिक्चर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो परदेशी वगैरे काही वाटलाच नाही. २००५ वगैरे साल असेल, पुण्यात मॅक्स म्युलर भवनला जर्मन शिकत होतो, डेर डी डास या तीन लिंगांमध्ये पार अडकलेलो, आणि एका शनिवारी बाईंनी सांगितलं आज व्याकरण नाही, पिक्चर. खालच्या सबटायटल्स वाचत वाचत बघितला आणि वर्गात बाकीचे ज्या ज्या ठिकाणी "काय पण आयडिया आहे" म्हणून हसत होते तिथे तिथे मला वाटत होतं, आयडिया कसली, हे तर आमच्याकडे दर दोन वर्षांनी होतं.

गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. ७ ऑक्टोबर १९८९, पूर्व बर्लिन. पूर्व जर्मनी नावाच्या देशाचा चाळिसावा वाढदिवस, रस्त्यावर रणगाडे, संचलन, झेंडे. क्रिस्टियाने ही दोन मुलांची आई, पक्षावर आणि समाजवादावर मनापासून विश्वास असलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांना सरकारकडे तक्रारअर्ज लिहून देणारी (कपड्यांची मापं माणसांच्या मापाची नसतात असले अर्ज, आणि ती ते इतक्या गोड कुजकटपणे लिहिते की एखाद्या सदाशिव पेठेतल्या काकूंची आठवण यावी). संध्याकाळी तिला रस्त्यात दिसतं की पोलिस मोर्चातल्या पोरांना झोडपतायत आणि त्यात तिचा स्वतःचा मुलगा आलेक्स आहे, त्याला ओढून गाडीत कोंबतायत. ती तिथेच कोसळते. हार्ट अटॅक, मग कोमा.

आठ महिने ती झोपलेली असते. त्या आठ महिन्यांत काय काय होतं बघा. ऑक्टोबरमध्येच देशाचा प्रमुख होनेकर पायउतार होतो. ९ नोव्हेंबरला गुंटर शाबोव्स्की नावाचा पुढारी पत्रकार परिषदेत कागद चाळत चाळत सांगून बसतो की प्रवासाचे नवे नियम, माझ्या माहितीप्रमाणे, ताबडतोब लागू आहेत, आणि त्या एका वाक्यावर हजारो माणसं नाक्यांवर जाऊन उभी राहतात आणि बर्लिनची पूर्व-पश्चिम वाटणी करणारी २८ वर्षांची भिंत एका रात्रीत निकामी होते. मार्चमध्ये निवडणूक होते. आलेक्सची बहीण आरियाने युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्र शिकत असते ते सोडून बर्गर किंगच्या खिडकीत उभी राहते, पश्चिमेकडचा एक बॉयफ्रेंड पण घरात आणते. जून १९९० मध्ये आई डोळे उघडते. आणि डॉक्टर सांगतात, कसलाही धक्का बसता कामा नये, दुसरा अटॅक आला तर वाचणार नाही.

आता तुम्हीच सांगा काय करणार. आपण जे करतो तेच आलेक्स करतो. सांगायचं नाही.

फक्त आपल्याला एखादा काका गेलेला लपवायचा असतो, त्याला अख्खा देश गेलेला लपवायचाय. फ्लॅट ७९ चौरस मीटरचा, म्हणजे आपल्या हिशोबात साडेआठशे स्क्वेअर फूट, एक बऱ्यापैकी टू बीएचके. तेवढ्या जागेत तो पूर्व जर्मनी चालू ठेवतो. फेकून दिलेलं जुनं फर्निचर परत आणतो, भिंतीवर जुने फोटो लावतो, आईच्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाला जुने कपडे घालायला लावतो. वाढदिवसाला गळ्यात निळे रुमाल बांधलेली पोरं पैसे देऊन आणतो, ती येऊन बालपथकाचं गाणं म्हणतात. 

आणि मग आई म्हणते, मला श्प्रेवाल्डची काकडी खावीशी वाटतेय.

हा माझा सगळ्यात आवडता भाग. श्प्रेवाल्ड म्हणजे बर्लिनच्या दक्षिणेला असलेला कालव्यांचा, पाणथळ भाग, तिथली व्हिनेगरमध्ये मुरवलेली बारकी काकडी तिकडे फार प्रसिद्ध. आपल्याकडे आजारी माणसानं "जरा कैरीचं लोणचं आण गं" म्हणावं तितकं साधं मागणं आहे ते. पण दुकानात जाऊन बघतो तर पूर्वेचा एकही ब्रँड नाही. काही आठवड्यांपूर्वी जी कळकट दुकानं होती त्यांच्या फळ्यांवर आता पश्चिमेचा रंगीबेरंगी माल, आणि काकड्या आल्यात त्या हॉलंडच्या. कॉफी बदलली, वाटाणे बदलले, सगळंच. मग हा पठ्ठ्या काय करतो, कचऱ्याच्या पेट्यांमध्ये वाकून जुन्या रिकाम्या बरण्या हुडकतो, घरी आणून पाण्यात उकळतो, आणि हॉलंडची काकडी जुन्या लेबलच्या बरणीत भरून आईसमोर ठेवतो. ती खाते. तिला आवडते.

किती तरी वेळा विचार केलाय मी या सीनचा. राज्य बदललं हे माणसाला नक्की कळतं कधी? झेंडा उतरला तेव्हा, की घोषणा झाली तेव्हा? मला वाटतं स्वयंपाकघरात कळतं, फळीवर हात गेला आणि नेहमीचा डबा लागला नाही की. पूर्व जर्मनीत साधारण १ कोटी ६० लाख माणसं राहायची आणि त्यातली बरीचशी भिंत पडली म्हणून आनंदानं रडली असणार, पण त्यातल्याच किती तरी जणांना पुढे पाच-दहा वर्षांनी जुनी काकडी, जुना शॅम्पेनसारखा तो फसफसणारा दारूचा ब्रँड, रस्ता ओलांडायच्या सिग्नलच्या दिव्यातला टोपीवाला माणूस हे सगळं परत हवंसं वाटायला लागलं. जर्मनांनी त्याला शब्द पण काढला, ओस्टाल्गी, ओस्ट म्हणजे पूर्व आणि बाकीचा नॉस्टॅल्जिया. (जर्मन लोक दोन शब्द चिकटवून तिसरा करण्यात पटाईत, परीक्षेत त्याचा त्रास मी भोगलाय.) श्प्रेवाल्डच्या काकडीला तर १९९९ मध्ये युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्या जीआय टॅगसारखं. म्हणजे देश वाचला नाही पण काकडी वाचली.

आईला टीव्ही बघायचा असतो. इथे आलेक्सचा मित्र डेनिस येतो, डिश अँटेना बसवायच्या नोकरीत त्याच्याबरोबर जोडी लागलेला, पश्चिमेकडचा पोरगा, लग्नाचे व्हिडिओ काढता काढता आपण मोठे डिरेक्टर होणार असं पक्कं समजणारा. हे दोघं मिळून 'आक्टुएल्ले कामेरा' या पूर्व जर्मनीच्या सरकारी बातम्यांचे खोटे भाग घरी बनवतात. मागे पडदा, डेनिसच्या अंगात कोट, आणि चेहऱ्यावर ते सरकारी गांभीर्य जे आपल्या जुन्या सह्याद्री वाहिनीच्या प्रेक्षकांना सांगावं लागणार नाही. आईला खिडकीतून समोरच्या इमारतीवर कोका-कोलाचं भलंमोठं लाल बॅनर दिसतं, तर संध्याकाळच्या बातम्यांत कळतं की कोका-कोला हा मुळात समाजवादी शोध होता. रस्त्यावर पश्चिमेच्या गाड्या कशा? तर भांडवलशाहीला कंटाळलेले लोक तिकडून पळून आपल्याकडे आश्रयाला येतायत. आई ते ऐकून लगेच म्हणते, आपण पण त्यांना मदत करायला हवी, आपल्या सुट्टीच्या बागेतल्या घरात कुणाला ठेवता येईल का?

पहिल्यांदा बघताना इथे मी फक्त हसलो. नंतर लक्षात आलं की आलेक्सच्या बातम्यांतला पूर्व जर्मनी हळूहळू चांगला होत चाललाय. खऱ्याहून खूपच चांगला. तो नुसती नक्कल करत नाहीये, दुरुस्ती करतोय. शेवटच्या बातमीपत्रात तर होनेकरच्या जागी देशाचा प्रमुख म्हणून येतो झिगमुंड येन, १९७८ मध्ये सोयुझ ३१ मधून अंतराळात गेलेला पहिला जर्मन, आलेक्सच्या लहानपणीचा हिरो (पडद्यावर तो एक टॅक्सी ड्रायव्हर आहे, चेहरा येनसारखा, आणि तो खरंच येन आहे की नाही हे पिक्चर शेवटपर्यंत नीट सांगत नाही). आणि तो नवा प्रमुख सीमा उघडून टाकतो, या, ज्यांना यायचंय त्यांनी या. आईसाठी सुरू केलेला खेळ तोपर्यंत पोराला स्वतःलाच लागायला लागलेला असतो. 

आणखी एक गोष्ट. खोटं बोलायला या घरात सुरुवात आलेक्सनं केलेलीच नाहीये. बाप १९७८ मध्ये पश्चिमेत गेला तो दुसऱ्या बाईसाठी, असं आईनं मुलांना सांगितलेलं. अर्धा पिक्चर झाल्यावर कधीतरी त्या सुट्टीच्या घराच्या बागेत बसलेली असताना तीच सांगते की तसं काही नव्हतं, ठरलं होतं तो पुढे जाईल, मग मी तुम्हाला घेऊन मागून येईन, पण मला धीर झाला नाही, अर्ज केला असता तर तुम्हाला माझ्याकडून काढून घेतलं असतं. त्यानं पत्रं लिहिली. ती पत्रं कुठे, तर स्वयंपाकघरातल्या कपाटामागे. पुन्हा स्वयंपाकघरच. आणि त्याआधी आरियाने बर्गर किंगच्या खिडकीतून एका गाडीत पाकीट देते आणि आत बसलेला गिऱ्हाईक तिचा बाप निघतो, तेव्हा तिच्या तोंडून फक्त कंपनीनं पाठ करून घेतलेलं वाक्य येतं, आमच्याकडे आल्याबद्दल धन्यवाद, छापाचं. बारा वर्षांनी बाप दिसलाय आणि पोरगी हे म्हणते. आरियानेचं काम करणाऱ्या मारिया सिमोननं हे सांगताना तोंड एवढंसं केलंय की बास.

पैशांचा प्रसंग मी दुसऱ्यांदा बघितला २०१७ च्या दिवाळीत, आणि तो तेव्हा हसवणारा राहिला नव्हता.

१ जुलै १९९० पासून पूर्व जर्मनीत पश्चिमेचा मार्क सुरू झाला. मोठ्या माणसांना ४,००० मार्कांपर्यंत एकास एक, साठीच्या पुढच्यांना ६,००० पर्यंत, पोरांना २,००० पर्यंत, आणि त्याच्या वरच्या बचतीला दोन जुन्यांमागे एक नवा. ठराविक मुदतीत जुने पैसे बँकेत भरायचे. क्रिस्टियानेने आयुष्यभर साठवलेले ३०,००० मार्क घरात कुठेतरी लपवलेले असतात आणि कोमातून उठल्यावर तिला ते कुठे ठेवलेत तेच आठवत नाही. आठवतं तेव्हा ते निघतात टाकून दिलेल्या जुन्या फर्निचरमधून, आलेक्स धावत बँकेत जातो आणि काउंटरवरचा माणूस सांगतो, मुदत दोन दिवसांपूर्वी संपली. दोन दिवस! मग तो गच्चीवर जाऊन नोटा वाऱ्यावर सोडून देतो.

आमच्या आजीचं असंच झालं, फक्त आमच्याकडे गच्चीवरून कुणी काही सोडलं नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी झाली तेव्हा आजी वाईच्या घरी, एक्क्याऐंशी वर्षांची, नुकतीच हॉस्पिटलमधून आलेली, टेन्शन द्यायचं नाही अशी ताकीद. आईनं जपून विचारलं, "आई, पाचशेची एखादी नोट ठेवली आहेस का गं कुठं, सुट्टे पाहिजे होते." आजीनं उशीखालच्या बटव्यातून तीन नोटा काढून दिल्या. विषय संपला. सुट्टे पाहिजे होते! खरं सांगितलं असतं तर बाकीच्या पण दिल्या असत्या ना तिनं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये आजी गेली, आणि दिवस झाल्यावर मावशी फळी आवरायला घेते तर मेतकुटाच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रबर लावून, पाचशेच्या चौदा नोटा. मेतकुटाचा वास लागलेल्या. बदलायची मुदत आदल्या डिसेंबरातच संपलेली, आणि तोवर कायदा पण झाला होता की दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ ठेवणं गुन्हा. मामा म्हणाला, म्हातारीनं मरता मरता आपल्याला गुन्हेगार केलं. सगळे हसलो. मग कुणी बोललं नाही थोडा वेळ.

पिक्चरबद्दल एक तक्रार मला आहे आणि ती वर्षागणिक वाढतेय. भिंतीवर बर्लिनमध्ये किमान १४० माणसं मेली. शेजारी शेजाऱ्यावर गुप्त पोलिसांना रिपोर्ट लिहायचा. पिक्चरमध्ये त्यातलं फार थोडं येतं, सुरुवातीची लाठी, बापाच्या जाण्यामागची भीती, आणि बस्स. बाकी सगळं काकडी आणि ट्रॅबंट गाडीच्या ऊबदार पिवळ्या प्रकाशात, संगीतकार यान टीअर्सनच्या पियानोवर. दिग्दर्शक वोल्फगांग बेकर स्वतः पश्चिमेकडचा, १९५४ चा जन्म, हे कळल्यावर तर मला जरा रागच आला होता, की बाबा तुला बरं आहे गोड वाटायला. पण मग आईचं काम करणाऱ्या कात्रिन झासकडे बघितलं. ती पूर्वेची, श्वेरीनची, तिकडच्याच सिनेमात मोठी झालेली, १९८२ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तिला अभिनयाचं सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालेलं. म्हणजे जो देश पडद्यावर खोटा खोटा उभा केलाय तो खरा असताना ती त्यात राहिलेली. तिच्या चेहऱ्यावर गोडवा नाहीये. तिला सगळं कळतंय की काय अशी शंका तिच्या डोळ्यांत फार आधीपासून आहे, आणि ती शंका सबंध पिक्चरला वाचवते असं माझं मत झालंय.

उदाहरणार्थ तो लेनिनचा सीन. आलेक्सला डुलकी लागते, आरियानेची बारकी पोरगी पहिली पावलं टाकते, आणि आई तिच्या मागे उठते, कोट घालते आणि सरळ खाली रस्त्यावर जाते. वरून हेलिकॉप्टरला दोरांनी लटकवलेला लेनिनचा अर्धपुतळा येतो, एक हात पुढे केलेला, तो तिच्याजवळून असा जातो की वाटावं आता हात मिळवतोय. ती ओरडत नाही, पडत नाही. बघत राहते. (बर्लिनच्या लेनिन चौकात १९ मीटरचा ग्रॅनाइटचा पुतळा खरंच होता, तो १९९१ च्या नोव्हेंबरपासून तुकडे तुकडे करून उतरवला आणि शहराच्या कडेच्या जंगलात पुरला. २०१५ मध्ये नुसतं डोकं उकरून काढलं, आता ते श्पांडाउच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये एका कानावर आडवं ठेवलंय.)

शेवटी आई हॉस्पिटलमध्ये. आलेक्सची मैत्रीण लारा, रशियन नर्स, तिला हे नाटक कधीच पटलेलं नसतं. ती आईच्या पलंगाशी बसून बोटानं हवेत नकाशा काढत तिला खरं सांगून टाकते, आता एकच देश झालाय. हे आलेक्सला माहीत नाही. तो उत्साहात येऊन ते शेवटचं बातमीपत्र लावतो, येनचं भाषण, सीमा उघडल्याचं. आणि आई टीव्हीकडे बघतच नाही. ती पोराकडे बघते. तो टीव्हीकडे, ती त्याच्याकडे. मग म्हणते, वुंडरबार, म्हणजे फार छान. ३ ऑक्टोबरला जर्मनी एक झाला आणि त्यानंतर तीन दिवस ती जगली. आलेक्सला शेवटपर्यंत वाटत राहतं की तिला काहीच कळलं नाही.

बेकर २०२४ च्या डिसेंबरमध्ये गेला, सत्तर वर्षांचा होऊन. बातमी वाचली आणि त्या रात्री तिसऱ्यांदा बघितला, या वेळी आईबरोबर, मधे मधे पॉज करून तिला मराठीत सांगत. आईला काकडीचा सीन फार आवडला, "बरण्या उकळल्या बघ त्यानं, नाहीतर बुरशी धरते," एवढंच म्हणाली. पिक्चरमधल्या आईनं टीव्हीकडे न बघता पोराकडे बघितलं तिथे मात्र माझी आई म्हणाली, जरा थांबव.

मग बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "अप्पामामा गेला ते आपण आईला सांगितलं नव्हतं ना."

अप्पामामा म्हणजे आजीचा धाकटा भाऊ, मिरजेला असायचा, २०१६ च्या फेब्रुवारीत गेला. आजीला नेहमीप्रमाणे सांगितलं नाही. त्याचा घसा बसलाय, फोनवर बोलवत नाही, डॉक्टरांनी मना केलंय, असं दीड वर्ष चालवलं, माझी आई मधून मधून दुसऱ्या खोलीत जाऊन फोन कानाला लावून बोलायची पण, "हो मामा, हो, आई बरी आहे," मोठ्यानं, आजीला ऐकू जाईल असं. 

आणि आजी दर मे महिन्यात कैरीच्या लोणच्याच्या चार बरण्या घालायची. दोन घरात, एक मावशीला, एक अप्पाला. अप्पाची बरणी वेगळी, पिवळट चिनीमातीची, तोंडाला फडकं बांधून वर त्याचं नाव लिहिलेली चिठ्ठी, कारण त्याला तिखट कमी चालायचं.

"त्या वर्षी तिनं तीनच घातल्या," आई म्हणाली. "मी कैऱ्या फोडून दिल्या होत्या चारच्या हिशोबानं. उरल्या त्याचा मी साखरांबा केला. मला वाटलं, वयानं विसरली."

मी रिमोट हातात धरून बसलो होतो. पडद्यावर कात्रिन झास तशीच थांबलेली, पोराकडे बघत. "लाव पुढचं," आई म्हणाली.